‘हमारा आदमी आगे है’

मे महिन्यातला रविवार. रायपूरमध्ये या दिवसांत सकाळी नऊलाच ऊन डोळ्यांवर येते आणि अकरानंतर घराबाहेर पडणाऱ्याकडे शेजारीपाजारी जरा काळजीनेच बघतात. तात्यापाऱ्यात तीन पिढ्यांपासून राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने नेमका हाच दिवस वॉटर पार्कला जायला निवडला. नागपूरहून आत्याचा मुलगा सुट्टीला आला होता आणि आल्या दिवसापासून त्याने ‘मामा, कधी जायचं?’ हा एकच प्रश्न लावून धरला होता. मामा बँकेत कॅशियर. शनिवारी सुट्टी नव्हती, तेव्हा रविवारशिवाय पर्याय नव्हता. आणि रविवारी अर्ध्या रायपूरलाही दुसरा पर्याय नसतो.

मामा-मामी, त्यांची अकरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा भाचा आणि आजी असे पाचजण निघाले. आजींनी अठ्ठावीस वर्षे शाळेत शिकवले आहे. त्यामुळे त्या कुठेही गेल्या तरी पहिल्यांदा मुले मोजतात आणि मग डबे. डबा मात्र फाटकावरच अडला, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायला मनाई. पोळ्या, बटाट्याची भाजी आणि कैरीचे लोणचे गाडीत ठेवून मंडळी आत गेली. लॉकर, नायलॉनचे कपडे, हातात रबरी कडे असे सोपस्कार होता होता साडेबारा वाजले. लाटांच्या तलावात दोन तास डुंबून झाल्यावर मुलांना ज्याच्यासाठी यायचे होते ती वस्तू समोर उभी राहिली: तीन मजले उंचीची, नागमोडी वळणांची निळी घसरगुंडी.

आणि तिच्या पायथ्याशी रांग.

रायपूरला अशा जागा आता नवीन राहिलेल्या नाहीत. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले तेव्हा इकडची मराठी घरे मुंबईच्या नातेवाइकांकडे जाताना मुलांना त्याचे आमिष दाखवत. पुढे छत्तीसगढ राज्य झाले, १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर राजधानी झाली, आणि हौसेची ठिकाणे घराजवळ आली. नव्या रायपूरमधल्या पुरखौती मुक्तांगणाचे उद्घाटन २००६ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. २०१६ मध्ये तिथेच सुमारे ३२० हेक्टरवरची जंगल सफारी सुरू झाली. तिथे बसमध्ये बसून वाघ-सिंह बघायचे, म्हणजे बससाठी थांबणे आले. शहराच्या भोवताली वॉटर पार्क झाले. जिथे मौज आहे तिथे थांबणे आहे, आणि जिथे थांबणे आहे तिथे न थांबणारे आहेत.

तर त्या निळ्या घसरगुंडीखाली सत्तरएक माणसे उभी होती. जिन्याच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी, वरच्या टोकाला गळ्यात शिट्टी अडकवलेला एक मुलगा. आरंगकडच्या कुठल्याशा खेड्यातला असावा, वय एकोणीस-वीस. खालच्या तळ्यातून एकजण बाहेर पडला की तो शिट्टी वाजवून पुढच्याला सोडत होता. त्याचे हे काम बघणाऱ्याला कंटाळवाणे वाटते, पण सगळी सुरक्षितता त्याच एका गोष्टीत असते. आधीचा बाजूला व्हायच्या आत दुसरा सुटला, तर खाली येणाऱ्याचे पाय पहिल्याच्या डोक्यावर आदळतात. म्हणून घाई करता येत नाही. साधारण अर्ध्या मिनिटाला एक माणूस, म्हणजे तासाला एकशे वीस.

मामा कॅशियर असल्यामुळे हा हिशेब त्यांनी उभ्या उभ्याच केला होता. आपला नंबर पस्तीस मिनिटांनी, असे त्यांनी मुलांना सांगितलेही. आजी रांगेत नव्हत्या. त्या कडेच्या सावलीत सर्वांच्या चपला आणि दोन चष्मे सांभाळत बसल्या होत्या.

वीसएक मिनिटे झाली असतील. मागून आठ तरुण आले. ओले केस, एकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल आणि त्यावर मोठ्याने गाणे. कोणाकडे न बघता ते ‘साइड, साइड’ करत पुढे निघाले. कुणीतरी ‘अरे भाई’ म्हटले, तेव्हा पहिल्याने मागे न वळताच उत्तर दिले, ‘हमारा आदमी आगे है.’

आदमी पुढे होता हे खरे. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर एकजण खरोखरच उभा होता आणि हात हलवत होता. मामांच्या खांद्याला धक्का लागला तेव्हा ते आपसूक कठड्याला टेकून बाजूला झाले. मामींनी त्यांच्याकडे पाहिले. ‘जाऊ दे,’ ते हळूच म्हणाले, ‘कशाला सुट्टीच्या दिवशी.’

मुलगी म्हणाली, ‘बाबा, बँकेत तुम्ही कुणालाच असं जाऊ देत नाही.’

तिने ते पाहिले होते. मागच्या वर्षी शाळेतून परस्पर ती बँकेत गेली होती, तेव्हा गावातले एक बडे व्यापारी काउंटरच्या बाजूने कागद आत सरकवत होते आणि बाबांनी तो कागद तसाच परत सरकवून रांगेकडे बोट दाखवले होते. ही गोष्ट तिने वर्गात दोनदा सांगितली होती.

‘तिथे काउंटर माझा असतो,’ मामा म्हणाले.

या उत्तरात पुष्कळ अर्थ आहे, आणि ते केवळ मामांचे उत्तर नाही. सभ्य माणूस नियम पाळतो, दुसऱ्याने मोडला तर त्याच्या जिवाला लागते, पण आपल्याला बोलायचा अधिकार कोणी दिला, असे त्याला वाटत राहते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी न्यूयॉर्कमध्ये हीच गोष्ट तपासून पाहिली होती. त्यांचे विद्यार्थी तिकिटांच्या खिडक्यांपुढच्या आणि इतर ठिकाणच्या मिळून १२९ रांगांत मुद्दाम मध्येच घुसले, तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये, अगदी नम्रपणे ‘मला इथे उभं राहायचंय’ असे म्हणून. हा अभ्यास १९८६ साली, मिलग्रम यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. घुसणारा एकटा असला तर जवळजवळ निम्म्या रांगांत कोणीही चकार शब्द काढला नाही. दोघे घुसले की मात्र बहुतेक रांगांत हरकत घेतली गेली. विशेष म्हणजे सगळी रांग बघत असते ती घुसलेल्याच्या अगदी पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाकडे. तो गप्प बसला तर बाकीचेही गप्प बसतात. म्हणजे बोलण्याची पाळीही रांगेनेच येते म्हणायची! विद्यार्थ्यांना मात्र हे काम भलतेच जड गेले. नुसते घुसायचे म्हटले तरी कित्येकांच्या पोटात गोळा येई.

आपल्याकडच्या घुसणाऱ्यांच्या पोटात असले काही होत असेल असे वाटत नाही. पण हे म्हणतानाही जरा थांबायला हवे. पंढरपूरच्या दर्शनबारीत आषाढीला माणसे कित्येक तास उभी राहतात, आणि आपली जागा सोडून पाणी प्यायला गेलेल्या म्हाताऱ्याला परत आत घेतात. बारी हा आपल्याच भाषेतला शब्द आहे; त्याचा अर्थ रांगही आहे आणि पाळीही. बसच्या थांब्यावरची मुंबईकरांची रांग तर परगावच्या माणसाला नवल वाटायला लावणारी. तीच माणसे सहलीला आली की त्यांना काय होते? होते ते एवढेच, की तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. हजार रुपये देऊन आत आलेल्या माणसाला वाटते की आपण थांबण्याचे नाही, मजेचे पैसे भरले आहेत. शेजारच्यानेही तेवढेच भरलेत हे तो विसरतो.

पार्क चालवणारेही काही कमी नाहीत. डिस्नेच्या पार्कांत १९९९ मध्ये आधी वेळ ठरवून थेट पुढे जाण्याचा फुकट पास निघाला, आणि २०२१ मध्ये तीच सोय पैसे मोजून घ्यावी लागू लागली. अपंगांना रांगेत ताटकळावे लागू नये म्हणून तिथे एक चांगली सवलत होती. श्रीमंत कुटुंबे अपंग व्यक्तींना ‘वाटाड्या’ म्हणून भाड्याने घेतात आणि त्यांच्याबरोबर पुढे घुसतात अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या, आणि त्याच वर्षी ते नियम बदलावे लागले. त्याचा त्रास झाला तो खऱ्या गरजूंना. तेव्हा ही खोड फक्त रायपूर-नागपूरची आहे, असे समजून मान खाली घालायचे कारण नाही. तिचे समर्थन करायचेही नाही.

इकडे मामांच्या डोक्यात मात्र हिशेब चालूच होता. आठजण म्हणजे चार मिनिटे. फक्त चार मिनिटांसाठी कोण भांडणार? पण मागे साठ माणसे होती. प्रत्येकाची चार मिनिटे धरली, तर दोनशे चाळीस मिनिटे, म्हणजे चार तास. कोणीतरी चार तासांची रक्कम उचलून नेली होती आणि प्रत्येकाच्या खात्यातून एवढी थोडी गेली होती की तक्रार कोणीच करणार नव्हते. असल्या अफरातफरी बँकेत कशा पकडतात ते मामांना चांगले ठाऊक होते.

बोलल्या त्या आजी. सावलीतून उठून, हातात दोन चपलांचे जोड तसेच धरून त्या कठड्याशी आल्या आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘बेटा, तुम्हारा आदमी एक है. तुम आठ हो. एक के पीछे आठ कैसे?’

रांगेतले चार-पाचजण हसले. एक तरुण वळून म्हणाला, ‘अम्माजी, आपको क्या तकलीफ है? आप तो लाइन में ही नहीं हो.’

‘म्हणून तर मोजायला वेळ आहे,’ आजी मराठीतच म्हणाल्या. भाषा कळली नाही, पण सूर कळला. मागून भिलाईकडची एक बाई ‘सही बोल रही हैं माताजी’ म्हणाली, आणि आणखी मागून एकाने छत्तीसगढीत आवाज दिला, ‘ए भैया, लाइन म लगव ना!’ मघापर्यंत भिंतीसारखी उभी असलेली रांग एकदम बोलू लागली. आजींनी बरोबर तेच केले होते जे करायला हवे होते. पहिली गोष्ट, लगेच बोलल्या, माणसे पार वर पोचल्यावर नाही. दुसरी, कोणाच्या अंगाला हात लावला नाही, आईबापाचा उद्धार केला नाही, फक्त आकडा सांगितला. पुष्कळांना रांग कुठून सुरू होते तेच कळलेले नसते, तेव्हा ‘लाइन मागून आहे हं’ एवढ्यावर ते मुकाट जातात. कळूनही जे येतात त्यांच्याशी एकट्याने वाद घालण्यात अर्थ नसतो. शेजारच्या दोघांना बरोबर घ्यावे, नाहीतर सरळ शिट्टीवाल्याला सांगावे. आणि तोंडाला दारूचा वास येत असला तर काहीही न बोलता मुलांना घेऊन बाजूला व्हावे. त्यात कमीपणा नाही.

हे आठजण प्यायलेले नव्हते, नुसते जोरात होते. ते तसेच वर गेले. पण वरच्या मुलाने सगळे पाहिले होते. त्याने साखळी लावली, शिट्टी तोंडातून काढली आणि खाली बोट दाखवले. पुढची पाच मिनिटे वर काय बोलणे झाले ते खाली ऐकू आले नाही. एवढे दिसले की एकाने त्याच्या छातीवर बोट टोचले आणि दुसऱ्याने मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. मुलगा हलला नाही. शेवटी नऊच्या नऊ धाडधाड जिना उतरून ऑफिसकडे गेले आणि रांगेने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या जरा लवकरच वाजल्या. मामांच्या पुढे आता दहा-बाराच माणसे उरली होती. तेवढ्यात एक सुपरवायझर दुसऱ्या मुलाला घेऊन वर आला. शिट्टी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली आणि पहिला मुलगा मान खाली घालून त्यांच्या शेजारून जिना उतरू लागला. जाताना तो कोणाकडेही बघत नव्हता.

‘त्याला काढून टाकतील?’ मुलीने विचारले.

‘ओरडतील फार तर,’ मामा म्हणाले. पण ते स्वतःलाही पटलेले दिसत नव्हते. असल्या ठिकाणी मुले हंगामापुरती असतात, रोजावर. तक्रार आली की चौकशी करण्यापेक्षा माणूस बदलणे सोपे.

भाचा म्हणाला, ‘मामा, आपला नंबर आलाच की.’ मुलगी गप्प होती. मग ती म्हणाली, ‘बाबा, तो काउंटर त्याचा होता ना?’

मामा थोडा वेळ वरच्या निळ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग मामींना म्हणाले, ‘तू याला घेऊन जा. आम्ही येतो.’ आणि बापलेक उलट्या दिशेने जिना उतरायला लागले. उलट जाताना प्रत्येक पायरीवर ‘सॉरी, सॉरी’ म्हणावे लागले.

ऑफिसात ते आठ-नऊजण एकदम बोलत होते. मुलाने उद्धटपणा केला, ढकलले, आम्ही पार्कला एक स्टार देणार. मॅनेजरला त्या एका स्टारची धास्ती दिसत होती. मामांनी आत जाऊन पहिले विचारले ते, ‘शिकायत पुस्तिका है क्या?’ मॅनेजरने बरीच शोधाशोध करून एक वही काढली. मामांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि कॅशियरच्या स्वच्छ अक्षरात चार ओळींत लिहिले: आठजण रांग सोडून पुढे आले, कर्मचाऱ्याने त्यांना थांबवले, त्याने कोणाला हात लावलेला नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. खाली सही, त्याखाली पूर्ण पत्ता. मग वही फिरवून मॅनेजरपुढे सरकवली. ‘यात आता यांनीही लिहावं,’ ते म्हणाले, ‘नाव-पत्त्यासकट.’

लिहायला कोणी पुढे आले नाही. अनपेक्षितपणे बोलला तो ‘आदमी’, जो पहिल्यापासून पुढे उभा होता. अर्धा-पाऊण तास उन्हात थांबला होता तोही, आणि त्याचा नंबर त्याच्याच मित्रांमुळे गेला होता. तो सगळ्यांकडे पाठ करून पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवत म्हणाला, ‘छोड़ो यार. इसने कुछ नहीं किया.’ मित्रांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून परतीचा प्रवास त्याला सुखाचा गेला नसावा.

मॅनेजरने मुलाला रीत म्हणून दोन शब्द सुनावले, ‘कस्टमर से प्यार से बात किया कर,’ आणि परत पाठवले. एवढे होईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली होती.

बापलेक परत आली तेव्हा आणखी एक गंमत झाली. मामी घसरगुंडीवर गेल्याच नव्हत्या. भाच्याला त्यांनी सोडले होते, तो एकदा जाऊनही आला होता; स्वतः मात्र जिन्याच्या वरच्या टप्प्यावर कठड्याला चिकटून, मागच्या माणसांना ‘आप जाइए, आप जाइए’ करत मुलीची जागा राखून उभ्या होत्या. मुलीला खाली बघताच त्यांनी हात हलवला. ‘ये! वर ये!’

मुलगी तीन-चार पायऱ्या चढली. जिन्यावर आता सगळे नवे चेहरे होते. मघाचा प्रकार पाहिलेले लोक केव्हाच घसरून निघून गेले होते. एकाने खांद्यावर लहान मुलाला घेतले होते. त्याने तिची वाट अडवली नाही, फक्त वर मामींकडे पाहून विचारले, ‘आपकी बच्ची है?’

‘हाँ, मेरी बेटी है. उसका नंबर है.’

तो थकल्या आवाजात म्हणाला, ‘बहनजी, सबका कोई ना कोई आगे रहता है.’

मामींनी त्याला सगळे समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे खरेच होते. त्यांनी पंचवीस मिनिटांत पन्नास माणसांना पुढे सोडले होते. हिशेबाने त्या कोणाचेच काही देणे लागत नव्हत्या. पण हे त्या नव्या रांगेला कसे कळावे? मुलगी मध्येच थांबली होती. तिने एकदा त्या खांद्यावरच्या मुलाकडे पाहिले, मग खाली वडिलांकडे. मामा काहीच बोलले नाहीत. ती वळली आणि खाली येऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिच्या मागे मामा. दोन मिनिटांनी मामीही उतरून आल्या, जरा रागावलेल्याच. ‘एवढा वेळ मी काय गंमत म्हणून उभी होते?’ त्यांचा राग रास्त होता, आणि तो संध्याकाळपर्यंत पुरता गेला नाही.

घसरगुंड्या पाच वाजता बंद होतात. शिट्टीवाला मुलगा पुन्हा आपल्या जागेवर उभा होता. पाचला दोन मिनिटे कमी असताना मुलीच्या पुढे सातजण होते. पाच वाजले तेव्हा तीन. त्याने घड्याळ पाहिले, शेवटच्या माणसाला सोडले आणि साखळी लावली. मग त्याचे लक्ष तिच्याकडे गेले. तिला त्याने ओळखले, यात शंका नाही. हात साखळीच्या आकड्यावर क्षणभर तसाच राहिला. पण तिच्या पुढे तिघे उभे होते आणि मागे पंधरा. त्याने आकडा तसाच राहू दिला.

‘बंद होगे दीदी,’ तो म्हणाला.

‘हो, पाच वाजले,’ ती म्हणाली.

गाडीजवळ आजींनी वर्तमानपत्र पसरून डबे उघडले. पोळ्या उन्हाने गाडीतच कडक झाल्या होत्या आणि लोणच्याचे तेल पिशवीत सांडले होते. भाचा चौथ्यांदा सांगत होता की दुसऱ्या वळणावर एकदम अंधार होतो आणि पोटात कसे होते. मुलगी मन लावून ऐकत होती आणि मध्येच प्रश्न विचारत होती, डावीकडे वळते की उजवीकडे. आजींनी चपला मोजल्या. एक जोड कमी भरला, मामांचा.

‘पुढच्या रविवारी यायचं?’ मुलीने विचारले.

मामा अनवाणी पाय सावलीत ओढून घेत म्हणाले, ‘सकाळी साडेआठला निघू. पहिला नंबर लावू.’